मे महिन्याचे डबे आणि पावसाळी सुट्टी

रात्री हवामान खात्याचा लाल इशारा, सकाळी शाळा बंद ठेवण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, लोकल रखडलेल्या आणि साडेआठच्या सुमारास ऑफिसच्या ग्रुपवर ‘आज कोणी निघू नका’. अशी सुट्टी सांगून येत नाही, म्हणून तिच्यासाठी बाजारही केलेला नसतो. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की खात्याच्या वर्गवारीत तो ‘अत्यंत मुसळधार’. अशा पावसात कोथिंबिरीच्या जुडीसाठी गुडघाभर पाण्यातून कोणी जाऊ नये. घरात आहे त्यावरच दिवस साजरा करायचा.

घरात असतंही पुष्कळ. पावसाळी खाणं म्हणून आपण जे मिरवतो ते जवळजवळ सगळं उन्हात वाळलेलं, मे महिन्यात डब्यात गेलेलं असतं. कुरडया, पापड, सांडगी मिरच्या, आमसुलं, सुकट, कुळीथ, आणि कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदा. जुलैत टोपलीत असतो तो हाच, रब्बीचा. कोरडा, घट्ट आणि टिकाऊ. खरिपाचा लाल कांदा पुढे येतो आणि त्याला पाणी जास्त सुटतं. भजी पावसाळ्यातच चांगली का होतात याचं निम्मं उत्तर या कांद्यात आहे. उरलेलं निम्मं हवेतल्या ओलाव्याशी तुम्ही कसे वागता त्यावर. खाली दिलेल्या कृतींमध्ये जे जे बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने, पाणी नको तिथे गेल्याने.

मापं आधी सांगून ठेवतो: वाटी २०० मिलीची, लहान चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा.

सकाळी पहिलं काम: डबे उघडून बघणं

बेसनाचा डबा उघडून चिमूटभर पीठ बोटांत चोळा. कोरडं, भुरभुरीत लागलं तर ठीक. गुठळी झाली आणि ती दाबल्यावर फुटली, तर फक्त दमट आहे. चाळून, कढईत मंद आचेवर ३-४ मिनिटं नुसतं गरम करून घ्या. रंग बदलू द्यायचा नाही, भाजायचं नाही, वाफ उडवायची आहे. जाळी धरली असेल, पोरकिडे दिसत असतील किंवा कडवट वास येत असेल तर ते पीठ टाकून द्या. चाळून किडे जातात, खवट चव जात नाही. जून ते सप्टेंबर बेसन फ्रिजमध्ये ठेवावं आणि अर्ध्या किलोच्या वर आणू नये.

कुरडया आणि पापड या दिवसांत तेलात टाकले तरी फुलत नाहीत, मधेच कडक राहतात. त्यांनी ओलावा धरलेला असतो. तवा मंद तापवून, गॅस बंद करून त्यावर ५ मिनिटं पसरून ठेवा, मग तळा. मीठ ओलं झालं असेल तर ते चमच्यात जास्त दाबून बसतं आणि पदार्थ खारट होतो, म्हणून अशा मिठाचा चमचा भरताना हात आखडता. बरणीत तांदळाचे १०-१२ दाणे टाकतात त्याचा उपयोग होतो, पण बरणी चुलीशेजारी ठेवली तर होत नाही. भाताची वाफ रोज तिच्यावरच जाते.

दुसरं काम विजेचं. पावसात ती जाणार हे धरून चालावं. नारळाचं वाटण, आलं-लसूण, पुदिना-कोथिंबिरीची चटणी, मिक्सरचं जे काही असेल ते दहाच्या आत उरकून घ्या. पिण्याचं पाणीही सकाळीच उकळून झाकून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात नळाला गढूळ पाणी येतं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, त्यामुळे निवळलेलं पाणी उकळावंच लागतं.

चहा

दोन मोठ्या कपांसाठी दीड वाटी पाणी, एक वाटी दूध, दोन लहान चमचे चहा पावडर, दोन ते तीन लहान चमचे साखर, बोटाच्या पेराएवढं आलं आणि गवती चहाची ३-४ पाती. गवती चहा पावसात अंगणात नुसता माजतो. त्याच्या कोवळ्या पात्यांपेक्षा खालचा, बुंध्याजवळचा भाग जास्त वासाचा. पात्यांच्या कडा हात कापतात, म्हणून कात्रीने कापा आणि गाठ मारून टाका, गाळताना सोपं जातं.

आलं ठेचून थंड पाण्यातच टाका आणि पाणी उकळल्यावर पुढे २-३ मिनिटं उकळू द्या. मग साखर, पावडर, गवती चहा, आणखी दीड-दोन मिनिटं. दूध शेवटी, आणि तेही गरम. आल्याचा चहा फाटतो तो दूध शिळं असल्याने असं आपण धरून चालतो. पुष्कळदा दोषी आलंच असतं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं आणि ते कोमट-गरम दुधाला लगेच लागतं. चांगलं उकळलं की ते निकामी होतं. चीनच्या ग्वांगडोंग भागात याच गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसाने गरम दूध विरजल्यासारखं घट्ट करतात आणि गोड म्हणून खातात. आपल्याला मात्र कपात ते नको.

गुळाचा चहा करायचा असेल तर दूध वेगळं तापवा. गूळ काळ्या चहात विरघळवून, गाळून, कप भरताना दोन्ही एकत्र करा. गुळासकट दूध उकळलं की फाटण्याची भीती असते, जुन्या, आंबूस झालेल्या गुळाने तर हमखास. आणि वेलची, सुंठ, दालचिनी, लवंग, मिरी असं सगळं एकाच पातेल्यात टाकायचा मोह होतो. मग तो काढा झाला. आलं आणि गवती चहा एवढं पुरतं.

दुपार हलकी ठेवा

चार वाजता भजी होणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दुपारी पुरी-बटाट्याचा घाट घातला जातो आणि मग भजी कोणी दोनच्या वर खात नाही. दिवसात तळण एकदाच. दुपारी कुळथाचं पिठलं आणि भात, सोबत भाजलेला पापड.

चार माणसांना कुळथाचं पीठ अर्धी वाटी. ते अर्ध्या वाटी थंड पाण्यात आधी कालवून ठेवा. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ भुरभुरवलं की बाहेरून शिजून आत कोरड्या राहिलेल्या गुठळ्या होतात आणि त्या डावाने कितीही दाबल्या तरी फुटत नाहीत. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेल्या लसणाच्या ७-८ पाकळ्या. लसूण तांबूस झाला की बारीक कांदा, हळद, लहान चमचाभर तिखट. साडेतीन वाट्या पाणी, मीठ, तीन आमसुलं. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळा. मध्यम आचेवर ७-८ मिनिटं शिजू द्या, कच्चा उग्र वास गेला की झालं. वरून ओलं खोबरं. उतरवताना पिठलं तुम्हाला हवं त्यापेक्षा थोडं पातळच असावं, ताटात येईपर्यंत ते आळतं. आमसूल दोन जास्त पडलं तर पिठलं काळपट आंबट होतं आणि गूळ घालूनही ताळ्यावर येत नाही.

मासे खाणाऱ्या घरात या दिवसांत सुक्याचं राज्य. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि अख्खा जून-जुलै ताजी मासळी तुटपुंजी व महाग. सुका जवळा दोन वाट्या घ्या, चाळणीत हलवून वाळू आणि भुसा काढा, तव्यावर मंद आचेवर ४-५ मिनिटं परता. बोटात चुरला की उतरवा. मग दोन पाण्यांतून झटपट धुऊन घट्ट पिळा. आधी परतल्यामुळे तो लगदा होत नाही. तीन मोठे चमचे तेलात दोन मोठे कांदे बारीक चिरून, चांगले तांबूस परता, त्यात ठेचलेला लसूण, हळद, दीड लहान चमचा तिखट, जवळा, दोन-तीन आमसुलं. पाण्याचा फक्त हबका मारून ५ मिनिटं झाकण. मीठ चव घेतल्यावरच घाला, जवळ्यात ते आधीच असतं. खिडक्या बंद असल्या की हा वास घरात दोन दिवस मुक्काम करतो. पाऊस ज्या बाजूने झोडपतोय तिच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवून मगच तवा चढवा. ज्यांचा श्रावण सुरू झालाय त्यांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.

चार वाजता: भजी

आता मुख्य काम. पहिला प्रश्न तेलाचा. दहा इंची कढईत अर्धा ते पाऊण लिटर शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल. यापेक्षा कमी घेतलं तर प्रत्येक घाण्याला ते निवतं आणि निवलेलं तेल भजी पितात. तळणाचा क्रम ठरलेला असू द्या. सगळ्यात आधी कुरडया आणि पापड, कारण त्यांना तेल कडक लागतं आणि ते तेलात काही सोडत नाहीत. मग आच कमी करून सांडग्या मिरच्या. त्यांच्या बिया तळाशी बसतात, झाऱ्याने काढून टाका. मग बटाटा, घोसाळं, पानं अशी घोळात बुडवलेली भजी. शेवटी कांदा. कांद्याच्या भज्यांतून पिठाचे कण आणि कांद्याच्या काड्या सुटतात, त्या जळतात आणि तेल काळं करतात. कांदा आधी तळला तर पुढचं सगळं काळ्या ठिपक्यांचं होतं.

खेकडाभज्यांना चारशे ग्रॅम कांदा, म्हणजे मध्यम चार. देठाचा कडक भाग काढून उभे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करा आणि पाकळ्या हाताने सुट्या करा. बारीक चौकोनी चिरलेल्या कांद्याचे गोळे होतात, पाय फुटत नाहीत. त्यावर पाऊण लहान चमचा मीठ घालून हलक्या हाताने चोळा आणि १५ मिनिटं बाजूला ठेवा. कांदा ओलसर होऊन वाकायला लागतो. यात अर्धा लहान चमचा ओवा तळहातावर चोळून, लहान चमचाभर तिखट, पाव चमचा हळद, दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि असली तर मूठभर कोथिंबीर. आता बेसन वरून भुरभुरवत जा. एक ते सव्वा वाटी लागेल, पण माप कांदा सांगतो: काप एकमेकांना चिकटून राहिले आणि प्रत्येक कापावर पिठाचा पातळ ओला थर दिसला की थांबा. दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ यातच. शेवटी मोठा चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन.

पाणी शून्य. पीठ कोरडं वाटलं तर आणखी ५ मिनिटं थांबा, कांदा अजून सोडतो. कांदा फारच जुना आणि सुकलेला असेल तर हात ओला करून एकदा फिरवा, यापुढे नाही. वाटीने पाणी घातलं की बेसन सैल होतं, कांद्यावरून घसरून तेलात वेगळं तळलं जातं, आणि मग हातात येतं ते मऊ बोंड. बोंडं वाईट नसतात, पण खेकडा तो नव्हे.

उलट चूकही होते. १५ मिनिटांऐवजी तासभर कांदा मिठात राहिला तर पाणी इतकं सुटतं की ते शोषायला बेसन वाढवावं लागतं. भजी मग पिठूळ, जड, आतून कच्ची. पाहुणे उशिरा येणार असतील तर कांदा चिरून ठेवा, मीठ लावू नका.

तेल पुरेसं तापलं का ते बघायला पिठाचा छोटा थेंब टाका. तळाशी जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आला पाहिजे. तळाशी रेंगाळला तर तेल थंड, टाकताक्षणी काळवंडला तर जास्त गरम. थर्मामीटर असलाच तर १७० ते १७५ अंश सेल्सिअस. मिश्रण चिमटीत सैल उचलून, न दाबता, काठाकाठाने सोडा. मुठीत वळलं की मधे वाफेला वाट राहत नाही. एका घाण्याला ७-८, जास्त नको. पहिला मिनिटभर झारा लावू नका, कवच धरू द्या. मग उलटसुलट करत मध्यम आचेवर एकूण ४-५ मिनिटं. बुडबुडे कमी झाले, आवाज खाली आला की आतलं पाणी गेलं. भजी कधी काढायची हे रंगापेक्षा कान चांगलं सांगतो.

सोड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खेकडाभज्यांत तो लागत नाही. सोडा पिठात पोकळ्या करतो आणि त्या पोकळ्यांत तेल भरतं. जास्त झाला तर रंग लालसर आणि चव साबणासारखी. मोहनाचंही तसंच, मोठे तीन-चार चमचे घातले की भजी तेलात विरघळतात, कढईभर चुरा. तांदळाचं पीठ मात्र सोडू नका. नुसतं बेसन थोड्याच वेळात चिवट होतं, तांदळामुळे कवच कोरडं राहतं.

काढलेली भजी तारेच्या जाळीवर किंवा चाळणीत ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. ताटात ढीग केला की खालच्या भज्यांची वाफ वरच्यांना लागते. डब्यात झाकून ठेवली तर पाच मिनिटांत मऊ. रद्दीच्या कागदावर तर काढूच नयेत, छपाईची शाई गरम तेलाला सुटते. पावसाळ्यात हवाच इतकी दमट की अर्ध्या तासाच्या पुढे कुठलाच उपाय नाही. सगळ्यांना एकदम बसवून खायला घालायचं असेल तर दुबार तळण करा: आधी फिकट पिवळी होईपर्यंत सगळे घाणे काढून जाळीवर ठेवा, आणि ताटं मांडल्यावर जरा जास्त तापलेल्या तेलात ३०-४० सेकंद. त्यामुळे तळणारा माणूसही जेवायला बसतो, हा याचा मोठा फायदा.

बटाट्याच्या भज्यांचं गणित वेगळं, तिथे घोळात पाणी हवंच. एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, हळद, मीठ आणि पाऊण वाटीला थोडं कमी पाणी, तेही एकदम न ओतता. घोळात बुडवलेल्या चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती राहिली पाहिजे. काप दोन मिलिमीटरचे करून १० मिनिटं थंड पाण्यात टाका, वरचा स्टार्च जातो. मग फडक्याने पक्के कोरडे पुसा. ओल्या कापावरून घोळ निसटतो आणि भजी एका बाजूने उघडी पडतात. या घोळात पाव चमचा सोडा चालतो, पण तळायच्या क्षणी.

चातुर्मासात कांदा वर्ज्य असणाऱ्यांची अडचण होते हे खरं. म्हणून तर आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून हौस भागवून घेण्याची पद्धत पडली. पण पुढच्या चार महिन्यांना याच घोळावर घोसाळ्याची भजी आहेत, काप अर्ध्या सेंटिमीटरचे, मीठ घोळातच, कापांना लावलं तर पाणी सुटतं. मायाळूची पानं आहेत. कुंडीतल्या ओव्याची जाड, लवदार पानं आहेत. पानं धुऊन तासभर फडक्यावर पसरा. लवेत अडकलेला पाण्याचा थेंब तेलात फुटतो आणि थेट मनगटावर येतो. मिरचीची भजी करताना जाड मिरचीला उभा छेद द्यायचाच, नाहीतर आतली वाफ मिरची फोडते.

परसात काळ्या देठाचा अळू असेल तर अळूवडी सकाळी वाफवून ठेवा, चार वाजता फक्त तळायची. अळूची खाज म्हणजे पानातले कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक. चिंच त्यावर उतारा. दहा मध्यम पानांना दीड वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ, तेवढाच गूळ, तिखट, गोडा मसाला, तीळ, मीठ. पानाच्या पाठीवरच्या शिरा लाटण्याने चेपा, नाहीतर गुंडाळी फुटते. उलट्या बाजूला पातळ थर लावून, एकावर एक तीन-चार पानं, घट्ट वळकटी. २०-२५ मिनिटं वाफवा. वाफवायच्या भांड्याच्या झाकणाला फडकं बांधा, टपटपणारं पाणी वड्यांवर पडता कामा नये. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका, गरम वळकटी कापताना उलगडते.

भज्यांसोबत हिरवा ठेचा. दहा-बारा मिरच्या, आठ लसूण पाकळ्या, लहान चमचाभर तेलात तव्यावर डाग पडेपर्यंत, मग मीठ आणि मूठभर भाजलेले दाणे घालून खलबत्त्यात. वीज नसली तरी अडत नाही. मिरच्या तव्यावर झाकणाखाली ठेवा, बंद घरात तो ठसका सगळ्यांना लागतो.

कणीस

गाडीवरच्या कणसाची चव घरी येत नाही अशी तक्रार असते. कोळशाची धग कोरडी असते, गॅसच्या ज्योतीत जळण्यातूनच पाण्याची वाफ निघते. तरी जमतं. जाळीचा तवा ठेवून, मध्यम आचेवर, दर अर्ध्या मिनिटाला वळवत ८-१० मिनिटं. देशी, पांढरट-पिवळं, दाण्यात नख घातल्यावर दूध येणारं कणीस भाजायला घ्या. स्वीट कॉर्न भाजलं तर दाणे फुटतात आणि चिकट होतात, त्याला कुकरची एक शिट्टी पुरे. देशी कणसाला तीन-चार. तोडल्यापासून कणसातल्या साखरेचा स्टार्च होत जातो, म्हणून सालासकट आणा आणि त्याच दिवशी संपवा. वाटीत तिखट आणि मीठ सारख्या प्रमाणात, त्यात अर्धं लिंबू बुडवून कणसावर चोळा. लिंबू आधी पिळून ठेवलं तर मीठ चिखल होतं.

पेल्याबद्दल थोडं

आषाढ संपताना, श्रावण लागायच्या आधी, गटारीच्या नावाने काय चालतं ते सांगायला नको. ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. तळण पूर्ण उरकून, गॅस बंद करून मग पेला हातात घ्या. आणि भिजून आल्यावर ‘ऊब यायला’ म्हणून घेऊ नका. मद्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावतं. आधी कोरडे कपडे, मग बाकीचं. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. मद्यार्क ४० टक्क्यांच्या वर, तेव्हा लिंबू आणि भरपूर सोडा घालूनच. चकण्याला मसाला पापड करणार असाल तर टोमॅटोतल्या बिया आणि पाणी काढून टाका, कांदा-टोमॅटो वाटीत वेगळा द्या. पावसात तो पापड वाढेपर्यंत चामडं होतो.

रात्र

रात्री कोणाला भूक नसते. आमसुलाचं सार आणि मऊ भात पुरतो. ८-१० आमसुलं वाटीभर गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून कुस्करा, गाळा, आणखी अडीच वाट्या पाणी, मोठा चमचाभर गूळ, मीठ. तुपाची फोडणी जिरं, हिंग, एक सुकी मिरची आणि कढीलिंबाची. एकच उकळी. नारळाचं दूध घालायचं असेल तर उकळी न आणता, नाहीतर फुटतं.

मग तेल. पूर्ण गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा, तळाचा गाळ टाकून द्या. काचेच्या बरणीत, अंधारात ठेवून आठवड्यात फोडणीला आणि भाजीला संपवा. पुन्हा तळणाला नको, बेसनाचे बारीक कण गाळूनही राहतात आणि पुढच्या वेळी तेल लवकर धुरकटतं. फेस यायला लागलेलं किंवा काकवीसारखं दाट झालेलं तेल फोडणीलाही नको. ते मोरीत ओतू नका. पावसाळ्यात आधीच तुंबलेली नळी त्याने घट्ट बसते. बाटलीत भरून कचऱ्यात द्या.

भजी उरलीच तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी कढीत. दोन वाट्या आंबट ताकाला दीड मोठा चमचा बेसन लावून, आलं-मिरचीचं वाटण घालून कढी करा. मंद आचेवर सतत ढवळत राहा, खळाखळा उकळली तर फुटते. भजी वाढायच्या आधी फक्त पाच मिनिटं सोडायची. त्याआधी सोडली तर ती सगळी कढी पिऊन बसतात आणि पातेल्यात पिठलं उरतं.